तिसऱ्या गेमला तेल संपतं

आमच्या बॉलिंग लीगची शेवटची रात्र. तीनपैकी एक गेम आम्ही जिंकलेला, एक हरलेला. तिसरा जिंकला तर ट्रॉफी (प्लॅस्टिकची का होईना) आमची. आणि टीमचा शेवटचा बॉलर कोण? अस्मादिक!

पहिल्या गेमला मी १८७ मारले होते, त्यामुळे कॉलर ताठ. दुसऱ्याला १६४. आणि तिसऱ्याच्या पहिल्या पाच फ्रेममध्ये तीन स्प्लिट, स्कोअर ५६. बॉल तोच, बूट तेच, पाय तिथेच. पण मघाशी पहिल्या पिनच्या उजव्या बाजूला अलगद शिरणारा बॉल आता अर्ध्यातच वळायला लागला आणि थेट तिच्या नाकावर आदळायला लागला. मग मी काय केलं? रिलीजच्या आदल्या रात्री करतो तेच. अजून जोर लावला. जोर लावला की मनगट फिरतं, मनगट फिरलं की बॉल अजून वळतो. झालं, अजून गाळात.

ज्यांनी फक्त मॉलमध्ये मित्रांबरोबर बॉलिंग केलंय त्यांच्यासाठी थोडं ज्ञानामृत. फाऊल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर मशीनने तेलाचा पातळ थर दिलेला असतो, पुढचा भाग कोरडा. तेलावर बॉल घसरतो, कोरड्यावर पकड घेऊन वळतो. नेहमीच्या लेनवर तेल मध्ये जास्त आणि कडेला कमी असतं. गंमत म्हणजे डोळ्यांना यातलं काहीच धड दिसत नाही.

त्यात १९९० च्या दशकात आलेले रिॲक्टिव्ह रेझिनचे बॉल हे तेल अक्षरशः पितात. दोन लेनवर आम्ही आठ जण, त्यातले सात उजव्या हाताचे आणि बहुतेक सगळे उजवीकडच्या दुसऱ्या बाणावरून टाकणारे. म्हणजे दोन गेममध्ये तिथलं तेल आम्हीच संपवलं होतं! समोरच्या टीममधला एकटा डावखुरा मात्र मजेत स्ट्राइक मारत होता. त्याची बाजू अजून कोरी करकरीत.

आमच्या टीममध्ये एक रिटायर्ड गृहस्थ आहेत. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणतो. सहाव्या फ्रेमआधी ते जवळ आले.

"बॉल कुठे चुकतोय?"

"डावीकडे."

"मग तूही डावीकडे सरक."

माझ्या इंजिनिअर डोक्याला हे काही पटेना. बॉल डावीकडे जातोय तर आपण उजवीकडे नको का सरकायला? पण नीट विचार केला तर बरोबर आहे. डावीकडे सरकलं की बॉल मधल्या, अजून शिल्लक असलेल्या तेलावरून जातो, जास्त घसरतो आणि उशिरा वळतो. लेनवर ३९ पट्ट्या असतात. आजोबांनी पाय चार पट्ट्या आणि नेम दोन पट्ट्या डावीकडे घ्यायला लावला. "बॉल कमरेशी नको, छातीशी धर. वेग उंचीतून येऊ दे, दंडातून नको. सोडताना हात बॉलच्या मागेच ठेव, बाजूने फिरवू नकोस." आणि कोपऱ्यातली १० नंबरची पिन एकटी उरली तर प्लॅस्टिकचा बॉल सरळ मारायचा. तो कोरड्यातही फारसा वळत नाही.

शेवटच्या पाच फ्रेममध्ये ९५ आले. एकूण १५१. आम्ही ११ पिननी हरलो.

स्प्लिट कुणालाही पडतात, त्याचं दुःख नाही. पण दुसऱ्या गेमपासूनच बॉल थोडा थोडा डावीकडे जात होता, १८७ चे १६४ झाले होते. लेन बदलली हे ती मला दर फ्रेमला सांगत होती, आणि मी स्वतःला शिव्या घालण्यात गर्क. घरी जाताना गाडीत ते ११ पिन मोजत बसलो. पहिल्या स्प्लिटनंतरच सरकलो असतो तर?

असो. पुढच्या सीझनला बॅगेत पॉलिश केलेला दुसरा बॉल असेल. आणि बॉल डावीकडे गेला की आधी पाय सरकतील. शिव्या नंतर.