क्रियापदाची जागा

भिवंडीत माझ्या वर्गातली सिव्हिल डिप्लोमाची मुलं घरी मराठी, आगरी, उर्दू, हिंदी नाहीतर तेलुगू बोलतात. इथल्या मूळच्या आणि यंत्रमागांच्या मागोमाग इथे आलेल्या माणसांची ही भाषांची सरमिसळ. पण या सगळ्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. एवढं फळ्यावर दाखवलं की इंग्रजीची निम्मी भीती ओसरते. वाक्य मुलांकडे असतंच. क्रियापद उचलून कर्त्याशेजारी आणायचं असतं.

मी व्याकरण साइटच्या डायरीवर शिकवते. मुलं लिहितात, 'येस्टरडे सिक्स कॉलम काँक्रीट डन.' मग आम्ही या ओळीला प्रश्न विचारतो. कोणते सहा? सळई तपासली होती का? भरण्याआधी की नंतर? उत्तरं मिळत जातात तशी ओळ भरत जाते : 'कॉलम्स सी-1 टू सी-6 वेअर कास्ट येस्टरडे आफ्टर द स्टील हॅड बीन चेक्ट.' नोंद कॉलमची आहे, म्हणून इथे कर्मणी प्रयोग चालतो. आणि 'हॅड बीन'मुळे तपासणी आधी झाल्याचं पक्कं होतं. पुढे कामाच्या दर्जावरून वाद झाला, तर सगळे हाच क्रम शोधतात.

सर्वांत जास्त वेळ मी 'अंटिल'ला देते. आपण म्हणतो, 'सात दिवस होत नाहीत तोवर टेकू काढू नका.' उर्दूतही 'जब तक'बरोबर 'न' येतो. मुलं तो नकार तसाच इंग्रजीत नेतात : 'डू नॉट रिमूव्ह द प्रॉप्स अंटिल सेव्हन डेज आर नॉट ओव्हर.' इंग्रजीत तो दुसरा 'नॉट' वाक्याचा अर्थच उलटा करतो. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या स्लॅबचा गाळा 4.5 मीटरपर्यंत असेल, तर आयएस 456:2000 प्रमाणे टेकू किमान 7 दिवस ठेवायचे. गाळा त्याहून मोठा असेल तर 14. अशी सूचना वाचताना कुणाच्या मनात शंका राहता कामा नये. त्याच संहितेत 'शॅल' आलं की ते बंधनकारक, 'शुड' आलं की शिफारस. हा फरक मी पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून घेते.

उच्चारांसाठी मी कुणाला अडवत नाही. कर्ता, क्रियापद, काळ आणि नकार या चार गोष्टी मात्र पक्क्या करून घेते. माणकोली, काल्हेरच्या गोदामांच्या कामावर मिस्त्री-मुकादमांशी बोलायला या मुलांना हिंदी पुरते. पण ड्रॉइंगवरच्या टिपा, तपासणीच्या नोंदी आणि कंत्राट बहुतेक इंग्रजीतच असतं. उद्या या कागदांवर हीच मुलं सह्या करणार आहेत. आपण कशाखाली सही करतोय, हे सही करणाऱ्याला नीट वाचता आलं पाहिजे, आणि चुकीचं असेल तर दुरुस्त करून लिहिताही आलं पाहिजे.