थापटण्याखालचा माठ

माठाचे तोंड आणि गळा चाकावर होतात, पोट मात्र चाकावर होत नाही. चाकावरून उतरतो तेव्हा तो आखूड, जाड भिंतीचा आणि कित्येकदा बुडाशी उघडाच असतो. पाणी गार ठेवणारे पातळ, गोल पोट त्याला नंतर येते, थापटण्याच्या माराने. म्हणून चाक फिरवता आले म्हणजे माठ करता आला, असे होत नाही.

सुरुवात मातीपासून. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात डोंगरमाथ्यावर जांभा, उतारांवर काळा कातळ, आणि कोयना व केरा या नद्यांच्या काठी गाळाची माती. कातळ झिजून झालेली काळी माती भिजली की फुगते, वाळताना आकसते. ती एकटी घेतली तर भांडे उन्हातच तडकते. म्हणून तिच्यात गाळ मिसळतात आणि चाळलेली राख किंवा लीद घालतात. राखेने मातीचा चिकटपणा कमी होतो. लीद भट्टीत जळून जाते आणि भिंतीत बारीक छिद्रे ठेवते. पाणी गार होते ते याच छिद्रांमुळे. मग माती पायांनी तुडवायची आणि तुडवता तुडवता खडे वेचायचे. यात चुनखडीचा खडा सर्वांत वाईट. भाजल्यावर त्याचा चुना होतो, तो हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि काही दिवसांनी चांगल्या माठाचा टवका उडवतो. टाचेखाली खडा ओळखू येणे हे शिकणाऱ्याचे पहिले शिक्षण, आणि ते घाईने होत नाही.

चाकावरचे कच्चे भांडे सावलीत थोडे आवळू देतात. बोट टेकले तर ठसा उमटावा, पण माती बोटाला लागू नये, इतका ओलावा राहिला की काम सुरू होते. डाव्या हातातला गुळगुळीत दगडी गोळा भांड्याच्या आत, उजव्या हातातले लाकडी थापटणे बाहेर. दोन्ही समोरासमोर यावे लागतात, आणि आतला हात तर दिसतही नाही. गोळा जरा सरकला की भिंतीला खळगा पडतो. मार जोराचा नको, सारखा हवा. एक फेरी झाली की भांडे पुन्हा सावलीत, मग दुसरी फेरी. भिंत पातळ होत जाते, पोट फुगत जाते, बूड मिटत येते. ओलावा जास्त असेल तर पोट बसते, कमी असेल तर भेगा पडतात. खरे कौशल्य इथे आहे. डोळ्यांपेक्षा कान उपयोगी पडतो, कारण जाड राहिलेली जागा बद्द वाजते आणि पातळ झालेली ताणलेली वाजते. तेरच्या गोरोबाकाका कुंभारांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे कोण ते ओळखले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. तिच्यातली परीक्षा कुंभाराच्या रोजच्या कामातली आहे.

वाळलेल्या माठाला काव लावून घोटतात आणि आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, शेण्या, लाकूड व पाचोळ्यात भाजतात. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते, आणि त्यानंतर ती पुन्हा चिखल होत नाही. आच फार वाढली तर छिद्रे मिटू लागतात, म्हणून माठ बेताच्याच आचेवर भाजायचा असतो. हवा खेळती राहिली तर रंग तांबडा येतो. धूर कोंडला तर काळा.

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० जूल उष्णता लागते. माठातल्या पाण्याचा शंभरावा हिस्सा पाझरून उडाला, तर उरलेले पाणी पाच-सहा अंशांनी उतरेल एवढी उष्णता निघून जाते. बाहेरची हवा त्यातली काही परत देते, म्हणून माठ सावलीत ठेवावा, आणि वाफ उडत राहावी म्हणून वाऱ्यावर. हवा दमट असली की हे काम मंदावते. कोयनेच्या खोऱ्यात पावसाळ्यात माठ नीट गार करत नाही, याचे कारण हेच. छिद्रे बुजू नयेत म्हणून माठ आतून साबणाने धुऊ नये. काथ्याने घासून उन्हात वाळवावा.

कोयनानगरला वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा या भागात पावसाळ्यात कच्चे भांडे वाळणे कठीण. नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडी आणि मग अक्षय्य तृतीयेपर्यंत माठ, असा हंगाम चालतो. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेवरची चाके द्यायला सुरुवात केली. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही आहे. विजेच्या चाकाने खांद्याचे श्रम वाचतात, ही मोठी सोय आहे आणि ती आणखी घरांत पोचायला हवी. थापटणे मात्र अजून हातातच आहे, आणि ते शेजारी बसूनच शिकता येते. ज्याला शिकायचे असेल त्याने दिवाळी सरताच कुंभाराच्या अंगणात जावे. चैत्र-वैशाखात तिथे शिकवायला कोणाला सवड नसते.