वाट आपण निवडावी

आडवाटेने गाडी काढणाऱ्यांत जीपीएसबद्दल दोन मतं ठाम आहेत. काही जण ते सांगेल तिथे वळतात. काहींना वाटतं, यंत्र आलं आणि भटकंतीतली मजा गेली. रस्ता दाखवणं हेच जीपीएसचं काम, असं दोघंही धरून चालतात, आणि मला तेच पटत नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह वेळेची नोंद असलेले संदेश पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की उपकरण आपलं ठिकाण काढतं. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संदेशांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून हे ठिकाण काही मीटरांच्या फरकाने कळतं. पण यातून कळतं ते एवढंच, की आपण कुठे आहोत. कुठून जावं हे ठरवणारं गणित वेगळं. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागेल ते मांडून ते बहुधा सर्वांत कमी बेरजेचा मार्ग काढतं, आणि त्या बेरजेत देखाव्याचा रकाना नसतो. म्हणून आडवाटेवर ठिकाण यंत्राला विचारावं आणि वाट आपण निवडावी, असं माझं म्हणणं आहे.

दापोलीहून गुहागरला निघालेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. उपकरणात फेरीबोट टाळण्याचा पर्याय चालू असेल, तर ते चिपळूणकडून वाशिष्ठीच्या खाडीला वळसा घालायला लावतं. तो बंद करून मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, दाभोळ ही गावं क्रमाने थांबे म्हणून घातली, की प्रवासाचं रूपच पालटतं. रस्ता सड्यावर चढतो, जांभ्याच्या कातळावरून पुन्हा नारळी-पोफळीत उतरतो, आणि दाभोळच्या जेट्टीवरून गाडीसकट खाडी ओलांडून धोपाव्याला जाता येतं. नकाशा मात्र उत्तर वर ठेवून लावावा. गाडीबरोबर फिरणाऱ्या नकाशात प्रत्येक रस्ता समोरच जाताना दिसतो आणि दिशांचं भान सुटतं. उत्तर वर असली की कोकणात समुद्र कायम पडद्याच्या डाव्या हाताला राहतो. मग फाट्यावर गाडी उभी करून पडदा वाचता येतो: ही बारीक रेघ खाडीपाशी संपते, म्हणजे पुढे धक्का असेल किंवा रस्ताच संपत असेल, त्या रेघेला दाट नागमोडी वळणं आहेत, म्हणजे तीव्र उतार आहे.

यंत्रामुळे लोकांना विचारणं सुटतं, हा आक्षेप ऐकू येतो आणि तो खोटा नाही. पण विचारणं सुटतं ते तयार मार्गाच्या मागे जाणाऱ्याचं. ज्याला फक्त आपलं ठिकाण माहीत आहे, त्याला पुढच्या वाडीत थांबावंच लागतं. शेवटची फेरीबोट किती वाजता, पावसात साकव पाण्याखाली जातो का, या रस्त्याने एसटी जाते का, हे गावकरीच सांगतील. एसटी जात असेल तर आपली गाडीही सहसा जाते.

दुसरा आक्षेप असा, की चुकण्यातच खरा आनंद असतो. तो मलाही मान्य आहे; पण दिवस कलताना, पेट्रोल कमी असताना अनोळखी फाट्यावर बहुतेक जण माघारच घेतात. आपण आलो ती वाट पडद्यावर उमटत जाते, तिच्यावरून परत फिरता येतं, हे ठाऊक असलं की आणखी एक वळण पाहण्याचं धैर्य येतं.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. दरड कोसळलेली नकाशाला कळेलच असं नाही, खोल घाटात संदेश कड्यांवर आपटून येतात, आणि बरीच उपकरणं आपला ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून बसवतात; आपण शेजारच्या पाणंदीत असलो तरी पडद्यावर डांबरी रस्ता दिसू शकतो. म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यावेत, सोबत कागदी नकाशा असावा, आणि पडदा व समोरचा रस्ता जुळेनात तेव्हा समोरच्या रस्त्यावर विश्वास ठेवावा. ही सावधगिरी माझ्या म्हणण्याला बळच देते: यंत्राच्या चुका महागात पडतात त्या निर्णयही त्याच्यावर सोपवल्यावर. निर्णय आपल्या हाती ठेवणाऱ्याला हेच उपकरण, हमरस्त्यावरून कधी न दिसलेला मुलूख उघडून देतं.