काटा चुकतो तेव्हा

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोका’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईस निघाले आणि वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जण दगावले. विमान उजवीकडे कलल्याचे कप्तानांसमोरील बिघडलेले उपकरण दाखवत होते. ते खरे मानून त्यांनी विमान डावीकडे झुकवले. खाली काळोखा समुद्र होता, क्षितिज दिसत नव्हते. कॉकपिटमध्ये राखीव उपकरण होते. पडताळणीस वेळ मात्र उरला नाही.

डोंबिवलीतील एका आजोबांच्या घरी मला ही घटना आठवली. इन्सुलिन घेणारे आजोबा घामाघूम झाले होते, असंबद्ध बोलत होते. ग्लुकोमीटर मात्र १८० दाखवत होता. मीही क्षणभर त्या आकड्यावर विसंबलो. “डॉक्टर, आत्ताच त्यांनी आंबा चिरला,” सूनबाई म्हणाल्या. हात धुऊन पुन्हा तपासले, तर साखर ५२! बोटावरचा रस आम्हाला फसवत होता. साखरपाणी दिल्यावर आजोबा सावरले.

म्हणून आकडा आणि माणूस यांचा मेळ बसेना, तर हात धुऊन पुन्हा तपासा. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काही न घालता तत्काळ रुग्णालय गाठा. आणि शंका आली, तर सूनबाईंसारखी ती बोलून दाखवा.