आहे, दिसते, वाटते

या घटकाच्या अखेरीस आपल्याला एखाद्या चित्रप्रदर्शनाचे वर्णनात्मक परीक्षण लिहावयाचे आहे. ते कसे लिहावे हे सांगण्याआधी मी विद्यार्थी असताना लिहिलेल्या पहिल्या परीक्षणाची हकिगत सांगतो. ती माझ्या फारशा अभिमानाची नाही.

१९८९ साली मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि भाईंदरला राहत होतो. मराठीच्या सरांनी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी जहांगीर कलादालनातील एका प्रदर्शनावर लिहिण्याचे काम माझ्यावर सोपविले. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडले, राजाबाई मनोऱ्यापाशी थोडा रेंगाळलो आणि काळा घोड्याच्या त्या इमारतीच्या पायऱ्यांपर्यंत गेलो. पण आत शिरण्याचे धैर्य होईना. आत जाण्यास पैसे पडत नाहीत हेही मला ठाऊक नव्हते. के. के. हेब्बर आणि होमी भाभा यांच्या आग्रहातून व सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली उभे राहिलेले हे दालन वाटेल त्याने आत यावे अशाच हेतूचे आहे, हे पुढे वाचले. त्या दिवशी मात्र माझ्या चपला आणि तेथील गुळगुळीत फरशी यांचे काही जुळत नव्हते.

आत एका दालनात कोकणातील एका निवृत्त चित्रकलाशिक्षकांची जलरंगातील चित्रे मांडलेली होती. ते गृहस्थ खुर्चीवर एकटेच बसून होते. मी पाहुण्यासारखा भिंतीकडेने एक फेरी मारली. त्यांनी अभिप्रायवही पुढे केली. मी तीत 'अप्रतिम' असा एकच शब्द लिहिला, माहितीपत्रक खिशात घातले आणि दहा मिनिटांत बाहेर पडलो. परीक्षण परतीच्या गाडीत अंधेरीपासून दहिसरपर्यंत लिहून झाले. 'रंगांची मुक्त उधळण', 'निसर्गाशी तादात्म्य', 'मनाला भिडणारी रेषा' हे सारे त्यात होते. निम्मे पत्रकातून आले होते. उरलेले निम्मे कुठून आले, ते सांगता येत नाही. अशी वाक्ये हवेतच असतात.

सरांनी लेख वाचला आणि एवढेच विचारले, "पहिल्या चित्रातली होडी पाण्यात होती की वाळूवर?"

मला सांगता येईना. पुन्हा जाऊन पाहून येतो, असे मी म्हणालो, तेव्हा सर म्हणाले, "आज बुधवार. सोमवारी प्रदर्शन उठले." जहांगीरमध्ये बहुतेक प्रदर्शने आठवडाभराचीच असतात, मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात, हे मला तेव्हा प्रथम कळले. लेख छापला गेला नाही. त्या शिक्षकांच्या प्रदर्शनाविषयी आणखी कोणी लिहिल्याचे मी पुढे पाहिले नाही, आणि शोधले नाही असे नाही. चित्रे कोणा नातलगाच्या माळ्यावर असतील किंवा नसतील. त्या सात दिवसांत ती पाहून कागदावर उतरविण्याचे काम ज्याच्याकडे आले होते, त्याने एका विशेषणावर त्यांची बोळवण केली.

वर्णनात्मक परीक्षण हा दुय्यम प्रकार आहे, खरी समीक्षा म्हणजे मूल्यमापन, असा समज आपल्याकडे आहे. मला तो मान्य नाही. मूल्यमापन दहा वर्षांनीही करता येते, पण तोवर चित्र डोळ्यांपुढे उभे करणारे वर्णन कोणीतरी लिहून ठेवलेले असले पाहिजे.

पुढे भाषाविज्ञानाकडे वळल्यावर मला त्या फसलेल्या लेखातील दोष व्याकरणाच्या अंगाने दिसू लागला. चित्र एकदम समोर असते. वाक्य मात्र एका शब्दामागून दुसरा असे चालते. म्हणून वर्णन करणाऱ्याला कोठून आरंभ करावयाचा हे ठरवावे लागते, आणि डावे-उजवे म्हणजे पाहणाऱ्याचे की चित्रातील व्यक्तीचे, हेही ठरवावे लागते. (पाहणाऱ्याचे धरावे, तसा संकेत आहे.) पण याहून महत्त्वाची निवड क्रियापदाची आहे. 'आहे', 'दिसते' आणि 'वाटते' ही तीन क्रियापदे आपण बोलताना सहज आलटून-पालटून वापरतो. परीक्षणात त्यांची अदलाबदल झाली की लेखन खोटे होऊ लागते.

उदाहरण घ्यावयाचे तर सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचे हाती दीप घेतलेल्या स्त्रीचे चित्र घेऊ. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्याची छापील प्रत मात्र आपल्यापैकी अनेकांनी कोणाच्या तरी दिवाणखान्यात किंवा कॅलेंडरवर पाहिली असेल. स्त्री उभी आहे, तिच्या एका हातात दिवा आहे, दुसरा हात तिने ज्योतीआड धरला आहे: येथवर 'आहे'. बोटांच्या कडा आतून उजळल्यासारख्या तांबूस दिसतात, चेहरा त्याच उजेडात दिसतो: हे 'दिसते'. प्रकाश मिळवण्यापेक्षा ज्योत जपण्यातच ती गुंतली आहे असे वाटते: हे 'वाटते', आणि ते माझे आहे; तुमचे निराळे असू शकेल. या तिसऱ्या वाक्याला पहिल्या दोहोंचा आधार आहे म्हणूनच ते लिहिण्याचा मला अधिकार पोहोचतो.

याच चित्राबाबत एक चौथे क्रियापदही वावरते, ते म्हणजे 'म्हणतात'. हे चित्र राजा रविवर्म्याचे असे पुष्कळजण म्हणतात. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. चित्र जलरंगातील आहे, आणि ते १९४०नंतरच्या दशकातले. माझा तो पहिला लेख सगळा 'म्हणतात'वर उभा होता, फक्त मी ते क्रियापद लपविले होते.

मराठीची रचना येथे आपल्याला एक सूचनाही देते. 'मी पाहतो' या वाक्यात 'मी' कर्ता आहे. पाहणे ही माझी कृती आहे. 'मला दिसते', 'मला वाटते' यांत मात्र 'मी'ला 'ला' प्रत्यय लागतो आणि दिसणे, वाटणे माझ्याकडे चालत येते. आधी पाहण्याचे श्रम केले तर काही दिसते, आणि दिसल्यावर काही वाटते. दहा मिनिटांत मी काही पाहिलेच नव्हते, म्हणून मला काही दिसले नाही. आणि जे 'वाटले' म्हणून लिहिले ते दुसऱ्या कोणाला तरी कधीतरी वाटलेले होते.

अमूर्त चित्रासमोर 'आहे' म्हणण्याजोगे काय असते, असा प्रश्न आपण विचाराल. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांसमोर तो मलाही पडला. ते स्वतः आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्याऐवजी निर्वस्तू म्हणणे पसंत करीत. रोलर आणि रंगपाते वापरून एकावर एक चढविलेले थर, मधूनच खरवडलेला भाग, एखादी आडवी पट्टी: एवढे 'आहे' तेथेही मिळते. चित्रकाराचा स्वतःचा विचार मराठीतून वाचावयाचा असेल तर प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' जरूर मिळवा.

रंगांची नावे हा वेगळाच विषय आहे. बर्लिन आणि के या दोन अभ्यासकांनी १९६९ साली जगातील भाषांमधील मूलभूत रंगवाचक शब्दांचा क्रम मांडला आणि त्यावर अजून वाद चालतात. मला मात्र मूलभूत शब्दांपलीकडच्या शब्दांचे अधिक कौतुक आहे. जांभळापासून जांभळा, तपकिरीपासून तपकिरी, विटेपासून विटकरी, शेवाळापासून शेवाळी. शिवाय अबोली, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी. हा साठा साड्यांच्या दुकानात रोज वापरला जातो आणि परीक्षण लिहिताना मात्र आपल्याला 'आकर्षक रंगसंगती' एवढेच सुचते.

गेल्या काही वर्षांत माझ्या रविवारच्या संपर्कसत्राला भाईंदरजवळच्या गावातून एक ताई येत असत. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्या पॅकिंगचे काम करीत; त्यांच्या आईचा जन्म मिठागरावर राबण्यात गेला होता. जहांगीरला आम्ही आठ-दहाजण गेलो तेव्हा त्याही पायऱ्यांशी थबकल्या. मी काही बोललो नाही, फक्त पुढे झालो. नंतर त्यांनी दिलेल्या परीक्षणात एका निसर्गचित्राविषयी वाक्य होते: 'खालच्या भागातला पांढरा रंग चुन्याचा नाही, मिठाचा आहे. कडेला तो गुलाबी आहे, मीठ धरण्याआधी कोंडीतल्या पाण्याला येतो तसा.'

मी 'मिठाचा आहे' याखाली रेघ मारून समासात लिहिले: 'मिठासारखा वाटतो'.

पुढच्या रविवारी त्या वही घेऊन आल्या. "सर, तुमच्या नियमाने हे चुकीचे असेल. पण मला तो मिठासारखा वाटत नाही. मी लहानपणापासून पाहिलंय. तो मिठाचाच दिसतो."

चित्राचे नाव काय होते, असे मी विचारले. नावाची पट्टी त्यांनी पाहिली नव्हती. मग 'दिसतो' यावर आमची तडजोड झाली. पण नाव पाहिल्याशिवाय वही परत देणार नाही, असे त्याच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. त्यांनी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि दुपारच्या धिम्या लोकलने एकट्याच चर्चगेटला गेल्या.