दादा, वहीत वाऱ्याचा रकाना वाढव

प्रिय दादा,


"हल्ली वाऱ्याचं काही खरं राहिलं नाही," असं तू परवा फोनवर म्हणालास. तुझ्यासारख्या तांडेलाच्या तोंडचं ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

पाऊस केरळात कधी पोचतो, त्या तारखेकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. पण तारखेवरून मोसम कळत नाही. २००९ साली तो २३ मे रोजीच केरळात होता, आणि देशाचा पाऊस सरासरीच्या ७८ टक्क्यांवरच अडकला. २०१९ साली ८ जूनला आला, सारा जून रखडला, तरी शेवटी ११० टक्के पडला. बघायचा तो वारा, आणि तोही आपल्या किनाऱ्यापासून फार लांबचा.

आषाढात तुझ्या अंगावर येणारा वारा निघतो दक्षिण गोलार्धात, मादागास्करच्या पूर्वेच्या समुद्रावरून. विषुववृत्त ओलांडतो केनिया-सोमालियाच्या किनाऱ्यालगत. तिथले डोंगर त्याला पश्चिमेला सरकू देत नाहीत, पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो उजवीकडे वळतो, आणि दीडेक किलोमीटर उंचीवर त्याचा जोरदार झोत बनतो. फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६९ साली तो नीट मांडून दाखवला. या वाऱ्यापुढे सोमालियाचा सागरी प्रवाहसुद्धा उलटा फिरतो. हिवाळ्यात दक्षिणेला जाणारं पाणी उत्तरेला धावू लागतं, किनाऱ्याशी खोलातलं गार पाणी वर येतं. मे महिन्यात तापलेला अरबी समुद्र ऑगस्टपर्यंत दोन-तीन अंशांनी निवतो. वारा समुद्र बदलतो, आणि बदललेला समुद्र पुन्हा वाऱ्यावर परिणाम करतो. या साऱ्या विषयात मला याहून सुंदर काही वाटत नाही.

जुलै-ऑगस्टात मध्येच आभाळ उघडतं तेव्हा हा झोत बहुधा दक्षिणेला सरकलेला असतो, श्रीलंकेच्या बाजूने निघून जात असतो. एरवी तो काही दिवसांत परततो. २०२३ साली पावसाचा खंड लांबतच गेला आणि १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट नोंदला गेला.

त्या वर्षी एल निनो होता, म्हणजे विषुववृत्तावरचा प्रशांत महासागर तापलेला होता. पण एल निनो म्हणजे दुष्काळ, असं मात्र पाठ करू नकोस. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी होता, तरी आपला पाऊस सरासरीला धरून राहिला. कारण आपल्या हिंदी महासागरात होतं. एरवी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे विषुववृत्तावर पश्चिमेचा वारा गरम पाणी सुमात्राकडे ढकलतो. त्या वर्षी तिथे पूर्वेचा वारा होता. सुमात्राचा किनारा गार पडला आणि आफ्रिकेकडचा समुद्र तापला. या फेरपालटाची सुरुवात पावसाळ्यातच झालेली होती, आणि पाऊस सावरण्यात त्याचा मोठा वाटा होता असं बरेच अभ्यासक मानतात. साजी, यामागाता हे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली या फेरपालटाला द्विध्रुव म्हटलं.

२०१९ तर तू स्वतः भोगलंस. तेव्हाही द्विध्रुव जोरात होता, पश्चिमेचा समुद्र गरम होता, आणि अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. ऐन दिवाळीतलं 'क्यार' त्यांतलंच. म्हणून म्हणते, जूनच्या बातम्या ऐकतोस तशा सप्टेंबरातल्या द्विध्रुवाच्याही ऐकत जा, आणि तसं वर्ष असेल तर गणपतीनंतर लांबच्या फेरीला निघण्याआधी इशारा दोनदा बघ.

एक मागणंही आहे. उपग्रह समुद्राच्या पृष्ठावरच्या बारीक लाटा रडारने टिपतो आणि त्यावरून वारा ठरवतो. तूही पाणी बघूनच वारा सांगतोस. पण किनाऱ्याला लागून उपग्रहाचं मोजमाप गडबडतं, जमीन मध्ये येते. नेमकं तिथेच तुझं रोजचं जाणं-येणं. डिझेल-बर्फाच्या हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढव: तारीख, वाऱ्याची दिशा, जोर, आणि किती वाजता फिरला. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत बोट शाकारलेली असली तरी धक्क्यावरून लिही. एका वर्षाच्या नोंदीने काही सिद्ध होणार नाही. दहा वर्षांची झाली तर ती मला माझ्या उपग्रहाच्या आकड्यांशेजारी ठेवायची आहे.

वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी