एक्स्चेंजचा थांबा

तालुक्याच्या गावी शेअर रिक्षावाल्याला "एक्स्चेंजपाशी सोडा" म्हटलं की तो आजही बरोबर जागी सोडतो. तिथे आता कुलूप लावलेली पिवळी इमारत आहे आणि आवारभर गाजरगवत. परवा रिक्षात शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीने त्याला विचारलं, "काका, इथे काय एक्स्चेंज करून मिळतं?" तो म्हणाला, "फोनचं होतं पूर्वी." मुलगी उतरून गेली. तिचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. खरंच, काय बदलून मिळायचं तिथे?

लहानपणी आमच्या शेजारच्या बाई त्या इमारतीत ऑपरेटर होत्या. कधी त्यांचा डबा घरीच राहिला की तो पोचवायला मला पाठवत, आणि मी डबा देऊनही रेंगाळत असे. भिंतीला टेकून उभा बोर्ड, त्यावर ओळीने भोकं, प्रत्येक भोकावर बारकीशी झडप. गावात कुणी फोनचा दांडा फिरवला की त्याची झडप पापणीसारखी पडायची. बाई टेबलावरची दोरी उचलून त्या भोकात खुपसायच्या, "नंबर?" म्हणायच्या आणि जोडीची दुसरी दोरी हव्या त्या भोकात घालून घंटी द्यायच्या. बोलणं संपलं की दोन्ही दोऱ्या ओढून सोडून द्यायच्या. खाली वजन लावलेलं असे, त्यामुळे त्या आपसूक टेबलात परत जात. त्या दोऱ्यांची सळसळ आणि मधूनच "मुंबई, मुंबई, लाइन द्या" ही हाक, एवढंच त्या खोलीत ऐकू यायचं.

नंबर फारसं कुणी सांगतच नसे. "डॉक्टरांकडे द्या" म्हटलं की पुरे. बाईंना ठाऊक असायचं की डॉक्टर या वेळी दवाखान्यात नाहीत, पेठेतल्या वाण्याकडे टेकलेत. "तिकडे लावून देते, खाली ठेवू नका." ट्रंक कॉल आधी बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि सगळ्यांत महाग लायटनिंग. ऑर्डिनरीवाला संध्याकाळभर फोनपाशी बसून राही. घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, रेडिओ बंद. मग एकदाची लाइन लागली की "हॅलो, ऐकू येतंय का?" यातच पहिलं मिनिट जायचं.

एकदा रात्री मुंबईहून लायटनिंग आला. आमच्या आळीतल्या एका घरचा मुलगा तिकडे गिरणीत होता, तो अपघातात गेला होता. बाईंना ते लाइन जोडण्याआधीच कळलं. त्या घरात त्या वेळी त्याची आई एकटी असणार हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी आधी घंटी दिली ती आमच्या घरी. "वहिनी, पटकन त्यांच्याकडे जाऊन बसा. काही विचारू नका." माझी आई चपला न घालताच गेली. ती तिथे पोचली असेल एवढा वेळ बाईंनी मुंबईला थांबवून धरलं आणि मगच दोरी जोडली. हे कुठल्याच नियमात बसणारं नव्हतं. ऑपरेटरने ऐकायचं नसतं, ऐकलं तरी बोलायचं नसतं. पण निरोप माणसापर्यंत पोचवायचा तर तो कसा पोचेल याची जबाबदारी मधल्या माणसावर येतेच, असं मला त्या रात्रीपासून वाटत आलं आहे.

या मधल्या माणसावर सगळ्यांचाच विश्वास नव्हता. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्रोजर नावाचा एक अंत्यसंस्काराचा व्यावसायिक होता. त्याला संशय होता की आपल्याला येणारे फोन ऑपरेटर मुद्दाम दुसरीकडे वळवते. प्रतिस्पर्ध्याचीच बायको ऑपरेटर होती, असंही सांगतात. त्याने मधला माणूसच काढून टाकणारं यंत्र शोधलं. १८९१ साली पेटंट मिळालं, १८९२ साली इंडियानातल्या ला पोर्ट इथे त्याचं एक्स्चेंज सुरू झालं. आपल्याकडे १९६० मध्ये लखनौ-कानपूर थेट, ऑपरेटरशिवाय एसटीडी लागला. पुढे १९८४ मध्ये सी-डॉट हे सरकारी दूरसंचार संशोधन केंद्र स्थापन झालं आणि धुळीत, उकाड्यात वातानुकूलनाशिवाय चालणारी छोटी एक्स्चेंजं खेड्यांपर्यंत गेली. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे; तासन्‌तास ताटकळलेल्या माणसांची त्याने सुटका केली. स्ट्रोजरचा संशयही कदाचित खरा असेल. तरी मी बाईंच्याच बाजूचा.

दुसरं एक्स्चेंज शेअर बाजाराचं, म्हणजे स्टॉक एक्स्चेंज. मुंबईतल्या शेअर दलालांचीही सुरुवात अशीच, माणसांनी माणसांसमोर उभं राहून झाली. टाउन हॉलपाशी वडाच्या झाडांखाली ते जमत. १८७५ मध्ये त्यांनी आपली संस्था बांधली आणि पुढे दलाल स्ट्रीट हे नाव जगभर झालं. तिथल्या रिंगणात ओरडून दिलेल्या शब्दावर सौदे होत आणि वहीतल्या टिपणावर पाळले जात. १९९५ मध्ये संगणकाचे पडदे आले आणि रिंगण शांत झालं.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत तर आमची अख्खी पिढी उभी होती. दहावीचा निकाल लागला की "नाव घातलं का?" हा पहिला प्रश्न. कार्ड जपायचं, मुदतीत नूतनीकरण करायचं, पोस्टमनची वाट बघायची. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक केलं, पण तिथूनच माणूस घ्यावा असं बंधन घातलं नाही. नावं आत जात राहिली, नोकऱ्या बाहेर येईनात.

नावं देण्याघेण्याचा एक व्यवहार मात्र मी दरवर्षी पेपरात शोधतो. १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना अणुकेंद्रांच्या याद्या देतात. १९८८ च्या करारानुसार १९९२ पासून हे चालू आहे. कारगिल युद्धाच्या पुढच्या वर्षीही ते चुकलं नाही. त्याच दिवशी, आणि पुन्हा १ जुलैला, कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. त्यांत मच्छीमार असतात आणि त्यांत आपल्या पालघर जिल्ह्यातलेही असतात, गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेले. पाण्यावर सीमारेषा दिसत नाही. बोट पलीकडे गेली की माणसं कराचीच्या तुरुंगात. यादीत नाव येणं म्हणजे सुटका नव्हे. शिक्षा संपल्यावरही माणूस अडकून राहतो. पण नाव आलं म्हणजे तो तिथे आहे हे पलीकडच्या सरकारने लिहून दिलं. ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, नुसत्या आकड्यांची. ती पहिल्या पानावर यावी आणि आपल्या जिल्ह्यातली नावं गावांसकट छापावीत, असं मला फार वाटतं.